युरोपियन युनियन आत घ्यायच्या आधीच पैसे का देते? थोडं आतल्या बाजूने

प्रश्न असा आलाय: सर्बिया, अल्बानिया, माँटेनेग्रो हे देश अजून युरोपियन युनियनमध्ये नाहीत, तरी युनियन त्यांना दरवर्षी पैसे देते, ही एक प्रकारची लाचच नाही का, आणि इतकी वर्षं पैसे घेऊनही हे लोक बाहेरच कसे राहिले? जाता जाता असंही विचारलंय की या कामात आपल्याकडच्या माणसाला शिरकाव असतो का.

मी बाल्कनमध्ये, म्हणजे सर्बिया-अल्बानियाच्या त्या पट्ट्यात, बारा वर्षं या पैशाच्या मागेपुढे काम केलंय, म्हणजे टेंडर, बिलं, तपासणी या बाजूचं. धोरण ठरवणाऱ्यांच्या खोलीत मी कधी नव्हतो त्यामुळे खालून जे दिसतं तेच सांगतो.

आधी लाचेचं बघू, कारण आकडे काढले की तो मुद्दा तिथेच बसतो. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठीचा जो मुख्य निधी आहे, त्याला सगळे आयपा म्हणतात आणि ही त्याची तिसरी फेरी, तो साधारण १,४१६ कोटी युरोचा आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. पण घेणारे सात आहेत: अल्बानिया, बॉस्निया, कोसोवो, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया आणि तुर्की, आणि एकट्या तुर्कीचीच लोकसंख्या साडेआठ कोटी. सगळी मिळून दहा कोटी माणसं धरा, म्हणजे माणशी वर्षाला वीस युरो. वीस युरोत देश विकत घेता येत नाही हो, बेलग्रेडमध्ये दोघांचं एक साधं जेवणसुद्धा जेमतेम होतं.

आता दुसरी बाजू बघा. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला आत गेला. जायच्या आधीच्या सात वर्षांत त्यांना या निधीतून साधारण १०० कोटी युरो मंजूर झाले. आत गेल्यावर पुढच्या सात वर्षांच्या फेरीत युनियनच्या विकास निधींतून त्यांच्या नावावर १,०७० कोटी लागले. दसपट! पेल्येशॅत्सचा तो मोठा पूल, जो २०२२ मध्ये सुरू झाला, त्यात युनियनचे ३५.७ कोटी युरो आहेत, एका पुलात, म्हणजे आधीच्या सात वर्षांच्या सगळ्या निधीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. (बांधला चिनी कंपनीने ही त्यातली गंमत, पण टेंडर त्यांनी रीतसर जिंकलं होतं.)

तर खरा पैसा आत गेल्यावर. मग बाहेर असताना जे मिळतं ते काय असतं? माझ्या मते ती रंगीत तालीम असते. नाटक उद्या आहे, आज पूर्ण वेशात, दिव्यांसकट एकदा करून बघा, कोण कुठे अडखळतं ते कळू दे, आणि चुकलात तर तिकीट काढलेल्या प्रेक्षकांसमोर नको, आत्ताच चुका. उद्या वर्षाला दीडशे कोटी युरो खर्च करायचे आहेत ते सरकार आज पंधरा कोटी नियमाने खर्च करू शकतं का, हे बघायचं असतं. रस्ता झाला, शाळा झाली तर उत्तमच, पण फाईल कशी फिरली हे तपासणाऱ्याला रस्त्याइतकंच महत्त्वाचं असतं, कधीकधी तर जास्तच. हे लक्षात घेतलं नाही तर बाकी सगळा प्रकार नुसता कागदी घोड्यांचा वाटतो, आणि पहिली दोन वर्षं मलाही तसाच वाटला.

सुरुवात मात्र अशी नव्हती. १९८९ मध्ये पोलंड आणि हंगेरीतल्या राजवटी बदलल्या तेव्हा घाईघाईत एक मदत कार्यक्रम काढला, नाव फारे, या दोन देशांच्या नावांवरूनच जुळवलेलं, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दीपस्तंभ. तेव्हा ती सरळ मदतच होती, अर्थव्यवस्था कोसळतेय तर हात द्या. पुढे एकेक देश त्यात येत गेला, १९९३ मध्ये कोपनहेगनला सदस्यत्वाच्या अटी ठरल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं की नुसते पैसे ओतून हे देश तयार होत नाहीयेत. मग २००० पासून फारेच्या जोडीला दोन भावंडं आली, रस्ते-पाणी-सांडपाण्यासाठी इस्पा आणि शेतीसाठी सापार्ड. बाल्कनसाठी वेगळा कार्ड्स नावाचा कार्यक्रम होता, युद्धानंतरच्या उभारणीचा. २००७ मध्ये हे सगळं एकत्र करून आयपा केलं. बस, इतिहास एवढा पुरे.

सापार्डवर थोडं थांबतो कारण खरी कल्पना तिथे आली. शेतीचा पैसा ब्रसेल्समधून, म्हणजे युनियनच्या मुख्यालयातून, वाटायचा नाही, उमेदवार देशाने स्वतःची वाटप करणारी एजन्सी उभी करायची, ती तपासून घ्यायची, मान्यता मिळाली की मगच पैसा. ही मान्यता सगळ्यात आधी कोणाला मिळाली माहितीये? बल्गेरियाला, २००१ मध्ये. आणि सगळ्यात वाईट फजिती कोणाची झाली? तीही बल्गेरियाचीच. २००७ मध्ये ते सदस्य झाले, पण आधीच्या काळातले मंजूर पैसे अजून खर्च व्हायचे होते, आणि जुलै २००८ मध्ये युरोपियन आयोगाने, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेने, गैरव्यवहार आणि ढिसाळ कारभाराचा ठपका ठेवून जवळजवळ ५० कोटी युरो गोठवले. दोन एजन्सींची मान्यता काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये करार करायची मुदत संपली आणि त्यातले २२ कोटी कायमचे गेले. सदस्य देशाचे! त्या काळात सोफियात, बल्गेरियाच्या राजधानीत, असलेले माझे एक वरिष्ठ सांगायचे की लोकांना चोरीपेक्षा पैसे परत गेल्याची लाज जास्त वाटली. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा निधी मार्चअखेर परत गेला की गावात जी चर्चा होते ना, तीच पण देशाच्या पातळीवर.

तेव्हापासून आयोग फार सावध झालाय आणि त्याचा त्रास पुढच्या सगळ्यांना झाला, पण मी त्यांना दोष देणार नाही.

आता प्रत्यक्षात हे चालतं कसं. दोन प्रकार आहेत. एकात युनियनचं तिथलं शिष्टमंडळ, म्हणजे दूतावासासारखं जे कार्यालय असतं ते, स्वतःच टेंडर काढतं आणि स्वतःच पैसे देतं. दुसऱ्यात देशाचंच सरकार टेंडर काढतं, करार करतं, आणि युनियनकडून पैसे घेतं. तालीम खरी होते ती या दुसऱ्या प्रकारात. त्यासाठी सरकारला एक अख्खी साखळी उभी करावी लागते: कार्यक्रम ठरवणारा राष्ट्रीय समन्वयक, पैशाची सही करणारा वेगळा अधिकारी, त्याच्या हाताखाली राष्ट्रीय निधी कार्यालय, अर्थ मंत्रालयातलं मध्यवर्ती करार कार्यालय, आणि या सगळ्यांपासून पूर्ण स्वतंत्र असं ऑडिट खातं. ज्याने टेंडर लिहिलं तो मूल्यमापनाला बसणार नाही, ज्याने काम तपासलं तो पैसे सोडणार नाही, आणि प्रत्येक पायरीला चार डोळे, म्हणजे दोन माणसांच्या सह्या. ऐकायला सोपं आहे. पण माँटेनेग्रोची लोकसंख्या सव्वासहा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, तिथे एवढी स्वतंत्र माणसं आणायची कुठून? जो समितीत आहे तो ठेकेदाराचा चुलतभाऊ नसेल तर वर्गमित्र असतो. हे मी कुचेष्टेने सांगत नाहीये, छोट्या देशाचं हे गणितच आहे आणि नियम लिहिणाऱ्यांना ते कधी नीट कळलं असं मला वाटत नाही.

आपल्या वाचकाला सगळ्यात ओळखीचा वाटेल तो आयपातला शेतीचा भाग, इपार्ड. महाराष्ट्रात ज्याने महाडीबीटीवर ट्रॅक्टर किंवा ठिबकचा अर्ज भरलाय त्याला हे पाच मिनिटांत कळेल. समजा सर्बियातला एक दूधवाला आहे, वीस गाई, त्याला नवा गोठा आणि दूध थंड ठेवायची टाकी घ्यायचीये. आधी अर्ज, सोबत कोटेशनं, जमिनीची कागदपत्रं, बांधकाम परवाना, धंद्याचा आराखडा. मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीच्या आधी टाकी घेतलीत तर संपलं, एक पैसा नाही. मग स्वतःच्या खिशातून किंवा बँकेकडून सगळा खर्च करायचा, रोखीने काही नाही, सगळं बँकेतून. मोठ्या रकमेचं यंत्र असेल तर ते कुठल्या देशात बनलं त्याचा दाखला. काम पूर्ण झालं की पशुवैद्यकीय आणि पर्यावरणाचे निकष पाळल्याची पत्रं. मग माणूस येऊन मोजमाप करणार, आणि मग कधीतरी साधारण साठ टक्के खात्यात परत, तरुण शेतकरी किंवा डोंगराळ भाग असेल तर थोडे जास्त. त्या अनुदानातले पंच्याहत्तर टक्के युनियनचे, पंचवीस त्या देशाचे. आणि पुढची पाच वर्षं तो गोठा विकायचा नाही, बंद करायचा नाही, तपासणीला आले की टाकी जागेवर दिसली पाहिजे.

यात मारला जातो तो छोटा शेतकरी. पैसे परत मिळणारच आहेत हे खरं, पण आधी घालायला हवेत ना? बँक म्हणते तारण दाखव, जमीन आजोबांच्या नावावर, युगोस्लाव्हियाच्या काळापासून वाटणीच झालेली नाही, सहा वारस, त्यातले दोन जर्मनीत (हे वाचून कोणाला कोकणातला सातबारा आठवला तर नवल नाही). त्यामुळे व्हायचं असं की ज्याच्याकडे आधीच दोनशे गाई आहेत तो अर्ज करतो, त्याचा सल्लागार अर्ज भरून देतो, आणि त्यालाच मिळतं. यावर टीका होते आणि ती योग्यच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की आत गेल्यावर युरोपच्या बाजारात दूध विकायला हेच निकष लागणार आहेत, आणि ज्या एजन्सीने आज पाचशे अर्ज नीट तपासले तिला उद्या लाखभर शेतकऱ्यांचे पैसे वाटायचेत. आणि वेळेचं बंधनही आहेच, ज्या वर्षाचा हप्ता त्यानंतरच्या तीन वर्षांत खर्च झाला नाही तर तो आपोआप रद्द.

बॉस्नियाचं उदाहरण याच बाबतीत बघण्यासारखं आहे. १९९५ मध्ये युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानंतर तो देश दोन भागांत विभागलेला, त्यातल्या एका भागात पुन्हा दहा कँटन, म्हणजे छोटे प्रांत, शिवाय ब्रचको नावाचा वेगळा जिल्हा. इपार्डसाठी देशपातळीवर एक वाटप यंत्रणा लागते. ती कोणाच्या हाताखाली असावी यावरच एकमत होईना, त्यामुळे शेजारी सर्बिया आणि मॅसेडोनियातले शेतकरी हे पैसे घेत असताना बॉस्नियातले नुसते बघत बसले, वर्षानुवर्षं. शेतकऱ्याचा काही दोष? काही नाही.

मग माणसं शिकवायची कशी? त्यासाठी १९९८ पासून ट्विनिंग म्हणून एक पद्धत आहे आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात हुशार गोष्ट. सल्लागार कंपनी नाही, तर सदस्य देशातला चालू नोकरीतला सरकारी अधिकारी, समजा लिथुआनियाच्या कस्टम खात्यातली बाई, वर्षभर किंवा जास्त उमेदवार देशाच्या कस्टम खात्यात खुर्ची टाकून बसते. रोज. चहा त्यांच्याबरोबर, कटकटी त्यांच्याबरोबर. लिथुआनिया, स्लोव्हेनिया, क्रोएशियाचे लोक यात सगळ्यात चांगले चालतात कारण दहा-वीस वर्षांपूर्वी ते स्वतः टेबलाच्या पलीकडे होते, त्यांना माहीत असतं कुठला नियम खरंच पाळावा लागतो आणि कुठला नुसता घाबरवायला असतो.

पण याला एक भोक आहे आणि ते मी स्वतः अनुभवलंय. एका मंत्रालयात, देशाचं नाव नको, आम्ही दीड वर्ष खपून आठ जणांची टीम तयार केली, टेंडरचं मूल्यमापन, अनियमिततेचा अहवाल, सगळं त्यांना पाठ. निवडणुका झाल्या. नवे मंत्री आले. सहा महिन्यांनी मी परत गेलो तर आठपैकी दोन उरले होते. तीन खाजगी सल्लागार कंपन्यांत गेले, तिप्पट पगारावर, एक बाई ब्रसेल्सला, आणि दोघांना "दुसऱ्या विभागात" हलवलं होतं कारण ते आधीच्या मंत्र्यांचे म्हणून. त्यांच्या जागी आलेल्या मुलांना आम्ही पहिल्या धड्यापासून परत शिकवलं, त्याच पॉवरपॉइंटवर तारीख बदलून. पैसे कोणी खाल्ले नाहीत, ऑडिटमध्ये एक शेरा नाही, आणि तरी निम्मं काम पाण्यात. असलं नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही.

इतकी वर्षं होऊनही हे लोक बाहेरच कसे, त्याचं उत्तर इथपासून सुरू होतं. तालीम शिकवू शकते, नाटक करायची इच्छा निर्माण करू शकत नाही. युनियनच्या स्वतःच्याच लेखापरीक्षकांनी २०२२ च्या सुरुवातीला अहवाल दिला की २०१४ ते २०२० मध्ये पश्चिम बाल्कनमध्ये कायद्याचं राज्य आणि मूलभूत हक्क यावर साधारण ७० कोटी युरो खर्च झाले, तांत्रिक बाबतीत आणि कामकाजात सुधारणा झाली, पण मूळ दुखणी तशीच राहिली, न्यायालयांचं स्वातंत्र्य, वरच्या पातळीवरचा भ्रष्टाचार, माध्यमांचं स्वातंत्र्य. मला त्यात काही आश्चर्य वाटलं नाही. कोर्टाला संगणक द्या, केस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर द्या, न्यायाधीशांना ट्रेनिंगला पाठवा, सगळं घेतात आनंदाने. पण मंत्र्याच्या मेव्हण्यावर खटला चालवायचा तर ते सॉफ्टवेअरने होत नाही, आणि ज्याला तो चालवू द्यायचा नाहीये त्याच्याच सहीने तुमचा प्रकल्प मंजूर होतोय.

आणि दोष एका बाजूचाच आहे असंही नाही. उत्तर मॅसेडोनिया २००५ पासून उमेदवार. ग्रीसला नाव खटकत होतं म्हणून २०१९ मध्ये त्यांनी देशाचं नाव बदललं, अहो देशाचं नाव! त्याच वर्षी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायला फ्रान्सने अडवलं. पुढच्या वर्षी बल्गेरियाने, भाषा आणि इतिहासाच्या वादावरून. हो, तोच २००८ वाला बल्गेरिया. मी स्कोप्येत, त्यांच्या राजधानीत, होतो तेव्हा, ऑफिसातल्या पोरांचे चेहरे बघवत नव्हते, रात्री जागून फाईली पूर्ण करणारी पोरं होती ती. तालमी करून करून पात्रं म्हातारी झाली आणि नाट्यगृहाची तारीखच मिळत नाही, तर तालमीला कोण येणार?

मग लोक दुसरीकडे बघतात. माँटेनेग्रोने २०१४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे ९४ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, डोंगरातून जाणाऱ्या महामार्गाच्या एका टप्प्यासाठी, ४१ किलोमीटर, आणि तो रस्ता २०२२ मध्ये सुरू झाला. कर्ज फेडताना देशाचं कंबरडं मोडायची वेळ आली ते वेगळं. पण रस्ता दिसतो. युनियनचं अनुदान, जे फेडायचं नाहीये, ते कुठे असतं? सांडपाणी प्रकल्पात, जमिनीखाली. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत. कोनशिला लावतात, निळ्या पाटीवर बारा तारे, पण गटारावरची पाटी कोण वाचतो.

तुर्कीबद्दल थोडक्यात, कारण त्यात गोंधळ फार होतो. निर्वासितांसाठी २०१६ च्या समझोत्यातले ६०० कोटी युरो म्हणजे हा निधी नव्हे, ते खातं वेगळं. या निधीत मात्र तुर्कीला सगळ्यात मोठा वाटा मिळत होता, आणि लोकशाहीचं गाडं उलटं फिरायला लागलं तशी युरोपच्या संसदेने त्याला कात्री लावली. २०१८ पासून तुर्कीच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी ठप्पच आहेत. कोसोवोचंही २०२३ मध्ये उत्तरेतल्या तणावामुळे नव्या वर्षाचं नियोजन थांबवलं होतं. म्हणजे पैसा थांबवता येतो, थांबवतातही. फक्त थांबवला की पहिला फटका बसतो तो एनजीओ आणि विद्यार्थ्यांना, ज्याला बसायला हवा त्याला नाही.

हे सगळं ब्रसेल्सला कळत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पश्चिम बाल्कनसाठी वेगळी योजना आणली, ६०० कोटी युरो, त्यातले २०० अनुदान आणि ४०० स्वस्त कर्ज, २०२७ पर्यंत. यात प्रकल्पाच्या बिलावर पैसे नाहीत. प्रत्येक सरकारने सुधारणांची यादी द्यायची, अमुक कायदा अमुक तारखेपर्यंत, आणि वर्षातून दोनदा तपासून जेवढं झालं तेवढाच हप्ता. राहिलं तर ठराविक मुदतीत पूर्ण करा, नाहीतर ते पैसे शेजाऱ्याला जाऊ शकतात. बॉस्नियाने यादीच वेळेत दिली नाही, तर २०२५ मध्ये त्यांच्या वाट्यातले दहा टक्के कापले. शेजाऱ्याला जातील ही भीती मात्र जबरदस्त लागू पडते, बाल्कनमध्ये तर नक्कीच, आणि आपल्याकडेही भावकीत हेच चालतं. युक्रेनची ५,००० कोटींची सोय बरीचशी याच धर्तीची आहे, पण तिथे युद्ध चालू आहे, त्याची तुलना इथे करण्यात अर्थ नाही.

मला ही नवी पद्धत आवडते का? निम्मी. हप्ता-अट हे सरळ आहे, मंत्र्याला कळतं. पण कायदा पास केला म्हणून खूण करून पैसे मिळतात, आणि कायदा पास करण्यात हे देश पूर्वीपासूनच पटाईत आहेत. अंमलबजावणी मोजायला तीच ती आठ माणसांची टीम लागते जी निवडणुकीनंतर विखुरली.

राहिला नोकरीचा प्रश्न. हो, शिरकाव आहे. कंत्राट घेणाऱ्या कंपनीला देशाची अट असते, म्हणजे भारतीय कंपनीला सहसा बोली लावता येत नाही, पण सेवा करारात कंपनी जो तज्ज्ञ देते तो कुठल्याही देशाचा चालतो. मी असाच शिरलो, आधीची दहा वर्षं लेखापरीक्षणात गेली होती ती कामी आली. पदवी काय आहे यापेक्षा "याच नियमांखाली किती वर्षं काम केलंय" हे मोजतात, त्यामुळे पहिलं काम मिळणं अवघड. सुरुवातीला लहान कामं घ्या, पंधरा-वीस दिवसांची, बोलीची कागदपत्रं तयार करायची वगैरे. सीव्हीचा त्यांचा ठराविक नमुना असतो, तोच वापरा, महिने मोजून लिहा, एक महिना दोन ठिकाणी आला तर बाद करतात. आणि सर्बियन-क्रोएशियन थोडी शिका. चार शब्द आले तरी फाईल वर सरकते, आणि त्यातला एक शब्द "सुत्रा" आहे, म्हणजे उद्या, तो पहिल्याच दिवशी कानावर पडेल.